तुम्ही विचारलंत म्हणून: हिटलरने बेकारी खरंच संपवली का?

"हिटलर वाईट होता हे मान्य, पण त्याने चार-पाच वर्षांत बेकारी संपवली की नाही?" आर्थिक इतिहासावर चार शब्द बोलणाऱ्या कुणालाही हा प्रश्न चुकत नाही. भाषण संपल्यावर विचारला जातो, लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो. पाठोपाठ "आपल्याकडेही असाच एखादा पाहिजे" हे वाक्य बहुधा येतंच. "हो" किंवा "नाही" एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून हिशेबच मांडतो.

जानेवारी 1933 मध्ये जर्मनीत नोंदलेले बेकार होते साठ लाख. 1936 ची सरासरी सोळा लाखांच्या आसपास आली आणि 1938 ची पाच लाखांच्याही आत. हे आकडे बनावट नाहीत. फक्त ते घडले कसे ते पाहायला हवं. मंदीने तळ गाठला होता तो हिटलर सत्तेवर यायच्या आधीच, आणि पहिल्या वर्षातली बरीचशी सरकारी कामं आधीच्या श्लायखर सरकारने मंजूर केलेल्या 50 कोटी मार्कांतून निघाली होती. त्यानंतर यादीतून नावं गळाली ती अनेक वाटांनी. रस्ता खणायला, बांध घालायला तात्पुरते लावलेले मजूर "कामावर" धरले गेले. जून 1935 पासून तरुणांना सहा महिन्यांची श्रमसेवा सक्तीची झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये लष्करभरती सक्तीची झाली होती. आधी एक वर्ष, ऑगस्ट 1936 पासून दोन वर्षं. सरकारी नोकरीतून हाकललेले ज्यू आणि राजकीय विरोधक यांच्या जागा दुसऱ्यांना मिळाल्या. 1933 च्या जूनमध्ये लग्नासाठी कर्ज सुरू झालं: हजार मार्कांपर्यंत, बिनव्याजी, पण रोख नाही, फर्निचर आणि भांडीकुंडी घ्यायची कुपनं. अट एकच, नवरीने नोकरी सोडायची. फेड महिन्याला एक टक्का आणि प्रत्येक मुलामागे पाव कर्ज माफ. 1937 मध्ये नोकरीची अट गुपचूप काढून टाकली, कारण तोवर कारखान्यांना बायकांची गरज भासू लागली होती.

महामार्गांचं म्हणाल, तर तो बेकारीवरचा उपाय म्हणून फारच तोकडा होता. काम सुरू झालं सप्टेंबर 1933 मध्ये, फ्रँकफर्टजवळ, फावडं हातात घेतलेल्या हिटलरच्या फोटोसकट. सहा लाख लोकांना काम मिळेल असं सांगितलं होतं. अगदी भरात असताना, 1936 च्या सुमाराला, प्रत्यक्ष रस्त्यावर होते सव्वा लाखाच्या आसपास. कोलोन ते बॉन हा तसलाच रस्ता 1932 मध्येच खुला झाला होता आणि त्याचं उद्घाटन कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी केलं होतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

मग काम आलं कुठून? शस्त्रांतून. लष्करी खर्च 1933 मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक-दीड टक्का होता. 1938 पर्यंत तो पाचव्या हिश्शाच्या आसपास गेला. शांततेच्या काळात, भांडवलशाही देशात, एवढी उडी तोवर कुणी मारली नव्हती.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. राइशबँकेचा, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचा, अध्यक्ष ह्यालमार शाख्ट याने नेमकं तेच आणून दाखवलं. त्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. कायद्याने राइशबँक सरकारला थेट दहा कोटी मार्कांपलीकडे उधार देऊ शकत नव्हती. म्हणून 1933 मध्ये एक कंपनी काढली, धातुसंशोधनाच्या नावाची, लघुरूप मेफो. क्रुप, सीमेन्स असे बडे कारखानदार भागीदार, भांडवल जेमतेम दहा लाख मार्क. संशोधन वगैरे काही नाही. आता समजा, लष्कराने क्रुपकडे तोफा मागितल्या. क्रुप तोफा देतो आणि मेफोवर हुंडी काढतो, म्हणजे मुदतीनंतर पैसे देण्याचा कागद. मेफो ती सकारते (देणं मान्य करते), मागे सरकारची हमी. क्रुप ती आपल्या बँकेत वटवून पैसे घेतो. बँकेला रोकड लागली की ती तीच हुंडी राइशबँकेत पुन्हा वटवते. मुदत तीन महिन्यांची, पण वाढवत वाढवत पाच वर्षांपर्यंत नेता यायची. व्याज चार टक्के, त्यामुळे ज्या बँका-कंपन्यांकडे पैसा पडून होता त्या हुंडी वटवायला धावत नसत, तिजोरीत ठेवून घेत. सरकारच्या जाहीर कर्जात यातला एक मार्कही दिसत नसे. 1938 च्या वसंतापर्यंत अशा हुंड्या झाल्या होत्या बाराशे कोटी मार्कांच्या.

व्यापाऱ्याची हुंडी फिटते कारण तिच्यामागे विकला जाणारा माल असतो. कापूस विकला, हुंडी फिटली. तोफ कुणी विकत घेत नाही. ती एक तर गंजते, नाहीतर वापरली जाते. शाख्टला हे पक्कं ठाऊक होतं. पाच वर्षांत देशाचं उत्पन्न वाढेल, कर वाढतील, त्यातून फेड होईल आणि मग शस्त्रखर्चाला लगाम लावता येईल, असा त्याचा हिशेब होता. लगाम काही लागला नाही. जानेवारी 1939 मध्ये राइशबँकेच्या संचालकांनी हिटलरला लेखी कळवलं की असंच चाललं तर चलन कोसळेल. उत्तरादाखल शाख्टची हकालपट्टी झाली, आणि जूनमध्ये कायदाच बदलला: राइशबँकेने सरकारला किती उधार द्यायचं ते यापुढे फ्युरर, म्हणजे हिटलर, ठरवणार. त्या वर्षी सरकारकडे रोकडीची इतकी टंचाई होती की पुरवठादारांच्या बिलातली 40 टक्के रक्कम करसवलतीच्या कागदांत चुकती करायला सुरुवात झाली. नोव्हेंबर 1938 मध्ये ज्यूंवर झालेल्या हल्ल्यांनंतर ज्यूंवरच उलटा शंभर कोटी मार्कांचा दंड बसवला, त्यामागे द्वेष तर होताच, पण रिकामी तिजोरीही होती.

मार्क छापता येतो, डॉलर आणि पौंड छापता येत नाहीत. आणि लोखंडाचं खनिज, तांबं, रबर, तेल, कापूस हे सगळं बाहेरून यायचं. सप्टेंबर 1934 मध्ये शाख्टने "नवी योजना" आणली: आयातीसाठी प्रत्येक मालागणिक देखरेख कार्यालय, आधी परवाना आणि मगच सौदा. परवान्यात पहिला मान शस्त्रांच्या कच्च्या मालाला. कापूस-लोकरीला शेवटचा. त्याआधीच, 1934 च्या उन्हाळ्यात, कापड गिरण्यांना आठवड्याला 36 तासांचीच मर्यादा घातली होती. म्हणजे ज्या वर्षी "बेकारीवरच्या विजयाचे" ढोल वाजत होते त्याच वर्षी सॅक्सनीतला गिरणी कामगार अर्धपोटी पाळीवर होता. तो आकडेवारीत बेकार नव्हता, एवढंच. पुढे कापडात लाकडाच्या लगद्याचा धागा मिसळणं आलं, आणि दोन-चार धुण्यांत विटणारे कपडेही आले.

आता कामगाराच्या खिशाकडे येऊ. 2 मे 1933 ला युनियनच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या, पुढारी पकडले. त्यांच्या जागी रोबर्ट लायची "श्रम आघाडी" आली, तिच्यात मालकही सभासद. संप बंद, सामुदायिक वाटाघाटी बंद. पगाराचे दर ठरवणार सरकारने नेमलेला "श्रम विश्वस्त". जानेवारी 1934 च्या कायद्याने मालक झाला कारखान्याचा "नेता" आणि कामगार त्याचे "अनुयायी". वीसपेक्षा जास्त माणसं असतील तिथे कामगारांच्या प्रतिनिधींची विश्वास समिती निवडायची. 1934 आणि 1935 मध्ये निवडणुका झाल्या, निकाल सरकारला इतके नकोसे लागले की त्यानंतर निवडणूकच घेतली नाही.

दर मंदीच्या तळाशी होते तिथेच गोठवले. कुशल कामगाराचा करारातला दर तासाला 78 फेनिग (100 फेनिगचा एक मार्क). आठवड्याला 48 तास धरले तर साडेसदतीस मार्क. त्यातून कर, विमा, श्रम आघाडीची वर्गणी आणि हिवाळ्यात "हिवाळी मदती"ची कपात. गंमत म्हणजे बेकारीविम्याची साडेसहा टक्के वर्गणी, निम्मी कामगाराची निम्मी मालकाची, बेकार उरले नाहीत तरी चालूच राहिली. तो पैसा सरकारने इतर कामांना वळवला. लोणी किलोला तीन मार्कांच्या वर, म्हणजे चार तासांची मजुरी. सरकारने मुद्दाम स्वस्तात काढलेला "लोकरेडिओ" 76 मार्क, म्हणजे दोन आठवडे. कुटुंबाच्या हातात 1932 पेक्षा जास्त पैसे येत होते, हे खरं. पण ते मुख्यतः जास्त तास राबून: उद्योगातला सरासरी आठवडा साडेएकेचाळीस तासांवरून 1939 पर्यंत सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसवर गेला. शिवाय घरात आधी बेकार असलेला दुसरा कमावता झाला. बेकारीतून उठलेल्या माणसाला हे मोठंच वाटणार, आणि ते वाटणं मी खोटं ठरवणार नाही.

पण पैसा हातात आला आणि बाजारात माल नसला तर भाव भडकतात. म्हणून नोव्हेंबर 1936 मध्ये भावही गोठवले. मग उरलेला पैसा काढून घ्यायला बचत. बचत बँका आणि विमा कंपन्यांनी लोकांचा पैसा निमूटपणे सरकारी रोख्यांत घालायचा, ठेवीदाराला पत्ताही नाही. सगळ्यात चलाख योजना मोटारीची. 990 मार्कांची गाडी, आठवड्याला पाच मार्कांचं तिकीट कार्डावर चिकटवायचं. साडेसदतीसमधले पाच, असे 198 आठवडे, म्हणजे जवळपास चार वर्षं. जमा रकमेवर व्याज नाही. सुमारे 3 लाख 36 हजार लोकांनी तिकिटं चिकटवली. युद्ध सुरू झालं आणि फालर्सलेबेनच्या त्या कारखान्यातून लष्करी गाड्या निघू लागल्या; तिकीटवाल्यांपैकी एकालाही गाडी मिळाली नाही. युद्धानंतर त्यांनी खटला चालवला आणि 1961 मध्ये तडजोड झाली: नव्या गाडीवर जास्तीत जास्त 600 मार्कांची सूट, किंवा रोख 100.

1936 हे वर्ष मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि आपल्याकडच्या चर्चेत तेच नेमकं गळतं. त्या वर्षी बेकारीचा प्रश्न जवळपास सुटला होता. काम देणं हाच हेतू असता तर इथे थांबता आलं असतं: शस्त्रं कमी, निर्यात जास्त, चार गोष्टी खाण्यापिण्याच्या आयात करायच्या. शाख्टचा आग्रह साधारण असाच होता. ऑगस्टमध्ये हिटलरने टिपण लिहिलं, त्यात शेवटी दोनच मागण्या: चार वर्षांत सैन्य लढायला तयार हवं, चार वर्षांत अर्थव्यवस्था युद्ध पेलायला तयार हवी. ऑक्टोबरमध्ये त्यासाठीची चौवार्षिक योजना, म्हणजे कच्चा माल शक्यतो देशातच काढायची, हिटलरचा उजवा हात गोअरिंग याच्या हाती गेली. एक टन पेट्रोल कोळशापासून करायचं तर चार-पाच टन कोळसा लागतो, तरी कारखाने उभे राहिले. झाल्त्सगिटरचं खनिज जेमतेम तीस टक्के लोखंडाचं, पोलादवाल्यांनी नाक मुरडलं, तर गोअरिंगने स्वतःच्या नावाची सरकारी कंपनी काढली. 1937 च्या सुरुवातीपासून लोणी-चरबी दुकानदाराच्या यादीत नाव असेल तरच.

आणि आता अडचण उलटी झाली: माणसं पुरेनात. कारखानदार एकमेकांचे गवंडी आणि फिटर पळवू लागले. दर वाढवायला बंदी, म्हणून बक्षीस, प्रवासखर्च, घरभाडं अशा नावांनी पैसे देत. हे थांबवायला हत्यार तयारच होतं: फेब्रुवारी 1935 च्या कायद्याने आलेलं "कामपुस्तक". शिक्षण, कसब, आधीच्या नोकऱ्या, सोडल्याची तारीख सगळं त्यात. पुस्तक नाही तर नोकरी नाही, आणि नोकरीत असताना पुस्तक मालकाच्या ताब्यात. डिसेंबर 1936 मध्ये धातुकाम, बांधकाम, वीटभट्ट्या आणि शेती यांतल्या मालकांना मुभा मिळाली: माणूस मुदतीआधी सोडून गेला तर पुस्तक अडवून ठेवा. पुस्तकाची दुसरी प्रत श्रम कार्यालयात कार्डावर, म्हणजे देशात कुठला टर्नर कुठे आहे ते सरकारला बसल्या जागी कळे. जून 1938 मध्ये त्याच कार्डांवरून माणसं उचलून पश्चिम सीमेवरच्या तटबंदीला धाडली. त्याच आठवड्यात श्रम विश्वस्तांना पगाराची कमाल मर्यादा ठरवायचा अधिकार मिळाला. काम मागणाऱ्याला काम देणारं राज्य पाच वर्षांत काम सोडू न देणारं राज्य झालं.

कामगारांनी संप केला नाही, पण हात आखडले. सोमवारी दांड्या, आजारपणाच्या चिठ्ठ्या, संथ काम. 4 सप्टेंबर 1939 ला, युद्ध सुरू होताच, ओव्हरटाइम, रात्रपाळी आणि रविवारचे जादा दर रद्द केले, रजाही स्थगित केल्या. कारखान्यांत एवढी धुसफूस झाली की वर्ष संपायच्या आत बरंचसं मागे घ्यावं लागलं. जर्मन कामगाराला आणखी पिळता येत नव्हतं आणि शेतांवर तर माणूसच उरला नव्हता. त्या शरदात बटाट्याच्या काढणीला पोलिश युद्धकैदी लावले गेले. ऑगस्ट 1944 मध्ये जर्मनीत राबणाऱ्या परदेशी मजुरांची आणि कैद्यांची नोंद होती शहात्तर लाख, म्हणजे 1933 च्या बेकारांपेक्षा सोळा लाखांनी जास्त.