आमची वाटचाल : अकलोलीचं गरम पाणी आणि आमचं लॉज

ठाणे जिल्ह्यात, वज्रेश्वरीजवळच्या अकलोलीत लॉज चालवायचं म्हणजे आधी गरम झऱ्याचं पाणी सांभाळायचं. झऱ्याच्या पाण्याने मोटरचं सील लवकर जातं. लोखंडी पाईप आतून क्षार धरतो, साधा पीव्हीसी उष्णतेने लवतो. आम्ही सगळी लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची केली. टाक्या कडाप्प्याच्या, वडिलांच्या भागीदाराने स्वतः बसवलेल्या. तो गावातलाच गवंडी, पैशांऐवजी हात घालून भागीदार झाला. टाकी घासायला आजही काथ्याच. तारेची घासणी लावली की दगडाला चरे पडतात आणि चऱ्यांत शेवाळ धरतं, हे त्याने शिकवलं.

आमच्याकडे माणसं यायची ती देवीमुळे आणि बाबांमुळे. वसई १७३९ साली जिंकल्यावर चिमाजी आप्पांनी नवस फेडायला वज्रेश्वरीचं देऊळ बांधलं. गणेशपुरीत नित्यानंद बाबांनी १९६१ साली समाधी घेतली, तिकडेही भक्तांची रीघ लागली. दर्शन, कुंडातलं स्नान, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि दुपारची झोप, एवढ्यावर आमचं घर चाललं.

मग रस्त्यालगत एक रिसॉर्ट आलं. तलाव, रेन डान्स, मोठी पाटी: नैसर्गिक गरम पाण्याचे झरे. त्यांच्या जागेत झरा नाही, बॉयलर आहे. लाकडाची गाडी आत जाताना अख्ख्या गावाने पाहिली. रिक्षावाल्यांना कमिशन बांधून दिलं, स्टँडवर माणूस उभा केला. आमच्या पाण्याला वास येतो म्हणून ते घाण आहे, असं तो उतरणाऱ्यांना सांगायचा. अहो, तो वास गंधकाचा! बॉयलरच्या पाण्याला कुठून येणार? पण लोकांनी ऐकलं. खोल्या रिकाम्या, बँकेचा हप्ता थकला, आईच्या पाटल्या गहाण पडल्या. एक दलाल जागा मागायला दर आठवड्याला येऊन बसायचा.

त्या काळात गिरगावच्या मावशी आल्या. गुडघ्यांसाठी दर थंडीत यायच्या. रिकामा व्हरांडा पाहून म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी आमचं भजनी मंडळ येतंय. सगळ्या खोल्या धर." आणि आगाऊ पैसे हातात ठेवले. त्या मंडळाने दुसरं आणलं, दुसऱ्याने तिसरं. दलालाला वडिलांनी चहा पाजून कायमचं परत पाठवलं. मावशी गेल्या. त्यांची सून येते, खोली तीच मागते.

पुढची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. रिसॉर्टची पाटी मात्र अजून तिथेच आहे, शब्दही तेच. मी तक्रार दिली होती. पाहणीला कोणी आलं नाही.

येणाऱ्यांना सांगतो: जेवल्या जेवल्या पाण्यात उतरू नका. आधी पाय सोडून बसा, मग हळूहळू आत जा, दहा-पंधरा मिनिटं पुरे. रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारून या. चांदीचे दागिने घरी ठेवा, काळे पडतात. कुंडात साबण लावू नका. मंगळवार आणि रविवार टाळा, देवळात गर्दी असते. चैत्रातल्या यात्रेत आमच्याकडे खोली मिळत नाही, जुन्या मंडळांची नावं आधीच लागलेली असतात.