श्वास धरायचा नाही: सांगली ते तुलंबेन

दुसऱ्या महायुद्धात बुडालेलं जहाज स्कूबा करून, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाऊन बघायचं म्हटलं की जाणकार पॅसिफिक महासागरातल्या ट्रुक लगूनचं नाव घेतात. तिथे फेब्रुवारी १९४४ मध्ये अमेरिकी विमानांनी दोन दिवसांत जपानची कितीतरी जहाजं बुडवली. पण तिकडे जायचं म्हणजे पैसा आणि रजा दोन्ही पाहिजेत. मी बालीतलं तुलंबेन निवडलं, कारण तिथलं बुडालेलं जहाज बोटीशिवाय, किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरून गाठता येतं.

आमच्या घरी हे पटवणं सगळ्यात अवघड गेलं. आई म्हणाली, "अगं, पुराचं पाणी दारात येतंय ते कमी पडलं काय तुला?" मग तिला तिच्याच हिशेबात सांगितलं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे साधारण १४ मीटर. मला पहिल्या कोर्सवर जास्तीत जास्त १८ मीटर जाता येणार. म्हणजे धोक्याच्या पातळीएवढ्या पाण्यापेक्षा चारेक मीटर जास्त खोल. यावर ती अजिबात निर्धास्त झाली नाही, पण निदान खोली किती ते तिला कळलं.

आरोग्याचा फॉर्म भरताना दमा, सायनस, कानाचं दुखणं, सगळं विचारतात. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पडदे तपासून सही दिली. मग तारकर्लीला ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स.

मी कृष्णेत पोहायला शिकले, घाटावर. पोहण्याच्या चाचणीत त्याचा उपयोग झाला. २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं हे काहीच वाटलं नाही. पुढे मात्र तेच पोहणं आडवं आलं. नदीत बुडी मारायची म्हणजे छातीभर श्वास घ्यायचा आणि धरून ठेवायचा, हे अंगात मुरलेलं. स्कूबात पहिला नियमच उलटा: श्वास कधीच धरायचा नाही. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा, म्हणजे जमिनीवर हवेचा असतो तितका, वाढतो. १० मीटरवर फुप्फुसं भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईतो दुप्पट जागा मागते. तोंड बंद ठेवून वर आलं तर फुप्फुस फाटू शकतं. हे मास्तरांनी फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा लगेच कळलं. छातीला कळायला वेळ लागला. शेवटी ते म्हणाले, "ताई, बुडबुडे दिसत राहिले पाहिजेत मला, बास." मग मी बुडबुड्यांच्या आवाजावरच लक्ष ठेवायला लागले.

हात मारायची सवयही तशीच. पाण्याखाली हात पोटाशी बांधून ठेवायचे आणि फक्त पायातल्या फिन हलवायच्या. जितकी धडपड जास्त तितकी सिलिंडरमधली हवा लवकर संपते. शिवाय खारं पाणी नदीपेक्षा जास्त उचलून धरतं, म्हणून कमरेला शिशाची वजनं बांधावी लागतात.

तुलंबेनला वाळू नाही, काळे गोटे आहेत, लाव्हाचे. बूट घालूनही पाय मुरगळतो. तिथल्या बायका मात्र डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवून त्यावर सिलिंडर आडवा टाकतात आणि त्याच गोट्यांवरून झपाझप चालत जातात. एकेक सिलिंडर पंधरा किलोच्या आसपास. मला माझा अंगावर चढवून उभं राहताना कुणाचा तरी हात लागत होता.

या जहाजाचं नाव लिबर्टी. महायुद्धात घाऊक बांधली गेलेली 'लिबर्टी' जातीची जहाजं वेगळी. हे १९१८ मधलं. ११ जानेवारी १९४२ ला लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. ओढून बंदरात न्यायचा प्रयत्न झाला, पण आत पाणी भरत गेलं म्हणून तुलंबेनच्या किनाऱ्यावर चढवून ठेवलं. तिथे ते एकवीस वर्षं पडून होतं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला, जमीन हादरली आणि जहाज घसरून पाण्यात गेलं.

आम्ही पहाटेच उतरलो. उतारावरून जाताना दर हातभर खोलीला नाक दाबून कान मोकळे केले. मग समोरचं निळं पाणी एका जागी काळपट झालं आणि ती भिंत निघाली. सव्वाशे मीटरचं धूड एका कुशीवर पडलेलं, पत्रा कुठे संपतो आणि प्रवाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही. एका फासळीवर गाईडने टॉर्च मारला तर करडं दिसणारं प्रवाळ एकदम लालभडक झालं. पाणी लाल रंग आधी गिळतं, म्हणून उजेड सोबत न्यावा लागतो. डोक्याला टेंगूळ असलेले मोठे पोपटमासे जहाजातच झोपतात आणि उजाडताना बाहेर पडतात. ते आमच्या बाजूने गाई गोठ्यातून निघाव्यात तसे निवांत गेले. आत शिरायचा वेगळा कोर्स असतो, तो माझ्याकडे नाही. मोकळ्या सांगाड्यावरून फिरण्यातच माझ्या सिलिंडरमधल्या हवेचा दाब ७० बारवर (बार हे दाबाचं माप) आला. वर येताना ५ मीटरवर तीन मिनिटं थांबलो.

विमानाआधी किमान १८ तास डाइव्ह करायची नाही, रक्तातला नायट्रोजन निघून जायला हवा. तेव्हा शेवटचा दिवस रिकामा ठेवूनच तिकीट काढा.

आता श्रीलंकेतलं बट्टिकलोआ डोक्यात आहे. ९ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी तिथे हर्मीस ही ब्रिटिश विमानवाहू नौका बुडवली, आणि त्याच दिवशी ब्रिटिश सार्जंट हे तेलवाहू जहाजही. हर्मीस ५० मीटरच्या खाली आहे, ती आपल्या आवाक्यातली नाही. सार्जंटसाठी ३० मीटरचा पुढचा कोर्स करावा लागेल. तिकडचा समुद्र एप्रिल ते सप्टेंबर शांत असतो आणि पावसाळ्यात तारकर्ली बंद, म्हणजे कोर्स मेच्या आत उरकायला हवा.