माव्याच्या कवट्या, तिळाचे कोळी

हॅलोवीन 31 ऑक्टोबरला येतो आणि नरकचतुर्दशी त्याच्या आगेमागे पंधरा दिवसांत. 2024 साली तर दोन्ही एकाच दिवशी होते. म्हणजे कॉलनीतल्या मुलांना भुताखेतांची पार्टी हवी असते, तेव्हा इंदूरच्या मराठी घरांत मावा, तूप, तीळ, पिठीसाखर येऊन पडलेलीच असते. मार्शमॅलो शोधत हिंडायचं काही कारण नाही. त्यात बहुतेक वेळा जिलेटिन असतं आणि ते शाकाहारी मुलांना चालत नाही. पांढरं, मऊ, लिबलिबीत असं सामान आपल्या मिठाईत हवं तेवढं आहे. त्याला फक्त डोळे लावायचे.

डोळे, रंग नव्हे. हिरवी-जांभळी बर्फी पाहून कोणी दचकत नाही, उलट खावीशी वाटत नाही. काळ्या रंगासाठी हल्ली खाण्याचा कोळसा मिळतो, तो मुलांच्या खाऊत घालूच नये. कोळसा पोटातलं औषध शोषून घेतो, आणि कोणाचं कोणतं औषध चालू आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. काळ्यासाठी काळे तीळ, कोको आणि मनुका पुरतात.

सगळ्यात जमून येतात त्या कवट्या. 500 ग्रॅम मावा घ्या, पण दुकानात 'बट्टी' म्हणून घट्ट गोळा मिळतो तो. गुलाबजामचा चिकना मावा ओलसर असतो. त्याची कवटी तासाभरात बसते आणि तिचा पेढा होतो. सणाच्या दिवसांत भेसळीची शंका असेल तर चिमूटभर मावा पाण्यात उकळून गार करा आणि टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा रंग आला तर त्यात स्टार्च आहे. तपासलेला नमुना अर्थातच फेकून द्यायचा.

मावा किसून जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर 8 ते 10 मिनिटं परता. पेढ्यासाठी आपण तांबूस होईपर्यंत भाजतो, तसं इथे नको. गोळा कढई सोडू लागला की उतरवा. मग थांबायचं, आणि घाई नेमकी इथेच होते. गरम माव्यात साखर घातली की ती विरघळते, मिश्रण सैल पडतं आणि परत आटवावं तर रंग जातो. बोट सुखाने ठेवता येईल इतका कोमट झाला की 150 ग्रॅम चाळलेली पिठीसाखर आणि 2 चमचे दूध पावडर घालून मळा. मळणं 2-3 मिनिटांचंच. जास्त मळलं की तूप सुटतं आणि कवटी तेलकट चमकते. तसं झालंच तर आणखी चमचाभर दूध पावडर. उलट गोळ्याला चिरा पडत असतील तर अर्धा चमचा दूध, एकदम नाही, थेंबाथेंबाने.

25 ग्रॅमचा एक गोळा धरला तर साधारण दोन डझन होतात. गोळा गुळगुळीत वळा, खालचा तिसरा हिस्सा दोन बोटांत हलकेच दाबून निमुळता करा, जबडा झाला. डोळ्यांच्या खोबणींसाठी पेन्सिलीएवढ्या जाडीची, बोथट टोकाची स्वच्छ काडी घ्या. एक खोबण पूर्ण दाबून मग दुसरी केली तर मधला मावा सरकतो आणि पहिली चिमटते. कवटी डोळा मारतेय असं दिसतं. म्हणून दोन्ही अर्ध्या-अर्ध्या करत, आळीपाळीने खोल करायच्या आणि मागून अंगठ्याचा आधार द्यायचा. काडी तुपात बुडवण्याची आपल्याला सवय असते, इथे मात्र ती पिठीसाखरेत बुडवा. खोबणीला तूप लागलं की त्यावर चॉकलेट धरत नाही. नाकाला सुरीच्या टोकाने दोन तिरक्या खुणा, दातांना सुरीच्या पात्याने उभ्या रेघा. तासभर उघडं ठेवून वरची पापडी सुकू द्या, मग खोबणीत वितळलेलं चॉकलेट टूथपिकने भरा. शेवटी कोरड्या, नव्या ब्रशवर चिमटीभर कोको घेऊन दातांच्या फटींत फिरवा आणि वरवरचा कापडाने पुसून टाका. फटींतला राहतो, आणि पांढरी मिठाई एकदम जुनं हाड दिसायला लागते. या एवढ्याशा कोकोने जे साधतं ते कुठल्याही रंगाने साधत नाही.

चॉकलेट कंपाउंड घ्या, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल घातलेलं. अस्सल कोको बटरच्या चॉकलेटला टेम्परिंग, म्हणजे ठरावीक तापमानांवर वितळवून गार करणं, करावं लागतं, नाहीतर त्यावर पांढरट डाग येतात. शिवाय इथे ऑक्टोबरच्या दुपारी पारा 30 च्या वर असतो, त्यात ते लवकर मऊ पडतं. कंपाउंड वितळवलं की आपोआप घट्ट होतं. पाण्यावर भांडं ठेवून वितळवताना वाफेचा एक थेंबही आत जाता कामा नये. गेला की चॉकलेट दाणेदार चिखल होतं.

कोळी तिळाचे. 200 ग्रॅम काळे तीळ, 150 ग्रॅम गूळ, चमचाभर तूप. पांढरे तीळ भाजताना रंग बघता येतो. काळ्यांचा रंग काही बोलत नाही. मंद आचेवर 5-6 मिनिटं, कान देऊन: तडतड सुरू होऊन जरा ओसरली की काढा. पुढे गेलात तर कडू होतात, आणि तो कडूपणा गुळाने झाकला जात नाही. गुळाचा पाक वाटीतल्या पाण्यात थेंब टाकून बघा. बोटांनी मऊ गोळी झाली की लाडवाचा पाक, कट्कन तुटली तर चिक्कीचा. 10-12 ग्रॅमचे लाडू ओल्या हाताने भराभर वळा. मिश्रण आवळायला लागलं तर पातेलं गरम पाण्यात ठेवा.

आता पाय. इथे इंदूरकरांना कुणाकडे बघायची गरज नाही: फीकी सेव, जाडसर. तिला जन्मतःच बाक असतो, कोळ्याच्या पायाला हवा तसाच. 3-4 सेंटीमीटरचे तुकडे निवडा. सेव लाडवात थेट खुपसली तर मोडतेच. लाडू कोमट असतानाच दाभणाने दोन्ही बाजूंना चार-चार भोकं पाडून ठेवा, गार झाल्यावर चॉकलेटच्या थेंबाने पाय बसवा. आठच; मुलं मोजतात. डोळ्यांना दोन पांढरे तीळ. लाडू दोन दिवस आधी केले तरी चालतात, पाय मात्र त्याच दिवशी, कारण गूळ हवेतला ओलावा ओढतो आणि सेव मऊ पडते. गोड तिळाबरोबर खारी सेव कशी लागेल अशी शंका असेल तर पोह्यांवर जिलबी खाणाऱ्या गावात ती काढू नये.

चेटकिणीची बोटं म्हणजे लांबट नानकटाई. मैदा 180 ग्रॅम, बेसन 40, पिठीसाखर 90, थिजलेलं तूप 110. सोडा-बेकिंग पावडर अजिबात नाही. त्याने बोटं फुगून भेंडीसारखी दिसतात. पातळ केलेल्या तुपानेही पसरतात. 15 ग्रॅमची, पेन्सिलीपेक्षा थोडी जाड वळा, दोन ठिकाणी चिमटा काढून पेरं करा, सुरीने पेरांवर सुरकुत्या द्या, टोकाला नख म्हणून सालासकट बदाम दाबा. साल काढलेला बदाम फार नीटनेटका दिसतो, ब्यूटी पार्लरमधून आल्यासारखा. अर्धा तास फ्रीजमध्ये, मग 160 अंशांवर 18-20 मिनिटं. भाजल्यावर नख सुटतंच. सुटू द्या, खाली लाल जॅमचा थेंब ठेवून परत दाबा. कडेने जॅम बाहेर येतो, तेच हवं असतं.

चक्क्याची भुतं सोपी, पण थोड्या वेळची सोबती. लिटरभर दह्याचा चक्का रात्रभर टांगून घट्ट करा. 400 ग्रॅम चक्क्याला पिठीसाखर 120 ग्रॅमच, कारण साखर पाणी सोडायला लावते आणि श्रीखंडाच्या प्रमाणाने घातली तर भूत उभं राहत नाही. दुधाच्या धुतलेल्या पिशवीचा कोपरा कापून 4 सेंटीमीटर उंच शेंडे काढा, मनुकेच्या तुकड्यांचे डोळे लावा. धुऊन उन्हात वाळवलेल्या कोऱ्या पणतीत बिस्किट ठेवून त्यावर भूत बसवलं तर बिस्किट आणि माती सुटलेलं पाणी पितात. तरी अर्ध्या तासाच्या वर बाहेर ठेवू नका.

रसगुल्ल्याचे डोळे सगळ्यात किळसवाणे, म्हणून सगळ्यात आधी संपतात. रसगुल्ले तळहातांत दाबून पाक काढा, ते परत फुगतात. मग अर्धा तास चाळणीवर. बुबुळांसाठी 4 मोठे चमचे खसाचं सरबत आणि पाणी मिळून 250 मिली, त्यात 1 चमचा अगर-अगर पावडर (समुद्री शेवाळाची, जेली धरवणारी), ढवळत पूर्ण 2 मिनिटं उकळा. नुसतं गरम केलं तर अगर विरघळत नाही आणि जेली धरत नाही. मोठ्या ताटात 5 मिलिमीटरचा थर ओता. अगर एकदा धरला की खोलीच्या उष्णतेने वितळत नाही. गोल चकत्या कापून रसगुल्ल्यात उथळ खड्डा करून बसवा, वर चॉकलेटचा ठिपका. लाल शिरांसाठी रंग ओढला तर तो ओल्या छेन्यात पसरतो. त्याऐवजी केशराच्या काड्या चिकटवा, हुबेहूब रक्तवाहिन्या. पण वीसेक मिनिटांत केशर पिवळं सुटतं आणि डोळ्याला कावीळ होते.

प्यायला गुलाबाचं सरबत आणि त्यात भिजवलेला सब्जा. कपभर पाण्याला चमचाभर, वीस मिनिटं. प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक गोळा आणि मध्ये काळा ठिपका, काही करायलाच लागत नाही. 'बेडकाची अंडी' म्हणून द्या.

वेळेचं गणित असं: तिळाचे लाडू आणि बोटं दोन दिवस आधी, कवट्या आणि जेली आदल्या रात्री फ्रीजमध्ये, कोळ्यांचे पाय सकाळी, भुतं तासभर आधी काढून परत फ्रीजमध्ये. मावा आणि चक्का दोन तासांवर बाहेर ठेवायचा नाही. बदाम आणि तीळ कशात आहेत ते मुलांच्या आयांना आधी सांगून ठेवा. केशराच्या काड्या मात्र पहिली बेल वाजल्यावरच.