बिल ठेवलंय का?

रोज विचारले जाणारे पासवर्ड बोटांनाच पाठ होतात. फर्मवेअरचा, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी जागं होणाऱ्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड मात्र भारी धोरणी. इंटेलची चिप असलेल्या मॅकबुकमध्ये (ॲपलच्या लॅपटॉपमध्ये) तो एकदा घातला की लॅपटॉप रोज नेहमीसारखा सुरू होतो, हा पासवर्ड कुणी विचारतच नाही. मग कधीतरी मशीन फॉरमॅट करायचं ठरतं. पेन ड्राइव्ह लावून, ऑप्शनचं बटण दाबून सुरू करावं, तर पडद्यावर एक कुलूप आणि खाली रिकामी चौकट. ‘पासवर्ड विसरलात?’ एवढी विचारपूससुद्धा नाही.

मेव्हण्याच्या २०१५च्या मॅकबुकवर हे कुलूप उगवलं, तेव्हा बायको म्हणाली, “पोरीची जन्मतारीख टाकून बघ.”

“ताई, तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं.”

मग त्याने लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला आणि आम्हाला दिसणार नाही असं काहीतरी टाईप केलं. तेही नव्हतं. काय होतं ते, हे ताई अजून विचारते आहे.

शेजारच्या काकांचा सल्ला: सेल काढून परत बसवा. जुन्या डेस्कटॉपला हे चालायचं. तिथे बायोसचा (म्हणजे तिथल्या फर्मवेअरचा) पासवर्ड तीन व्होल्टच्या बटण-सेलवर तग धरून असायचा. सेल काढला की विसरला. २०१०च्या आधीच्या मॅकबुकमध्येही रॅमची पट्टी काढून, चार बटणं एकदम दाबून पीरॅम, म्हणजे सेटिंग लक्षात ठेवणारी छोटी मेमरी, रीसेट केली की कुलूप निघायचं. पुढे ही पळवाट बुजवली. २०१५च्या मॅकबुकमध्ये तर रॅम बोर्डालाच डकवलेली.

गंमत म्हणजे हे कुलूप आतला माल राखतच नाही. डिस्कवरचं सगळं सांकेतिक करून ठेवणारं मॅकमधलं फाइलव्हॉल्ट चालू नसेल, तर अशा जुन्या मॅकबुकची डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की फोटो, हिशेब सगळं उघडं. म्हणून मी म्हणेन, आधी फाइलव्हॉल्ट चालू करा. २०२० पासूनच्या, ॲपलची स्वतःची एम-वन किंवा पुढची चिप असलेल्या मॅकमध्ये हा पासवर्ड ठेवलेलाच नाही. बरं झालं.

मेन रोडला किल्लीवाल्याकडे कुलूप न्या. तो कोरी किल्ली आत घालून जराशी फिरवतो, उन्हात धरून तिच्यावर उठलेले ओरखडे बघतो, तेवढंच कानशीने घासतो, परत घालतो. “तुमचंच ना?” विचारतो, आणि आपण मान डोलावली की त्याचं समाधान होतं. लॅपटॉपचं कुलूप काढून देणाऱ्या कंपनीच्या अधिकृत सेंटरचं मान डोलावण्यावर भागत नाही. त्यांना खरेदीचं मूळ बिल लागतं. नाशिकरोडला नोटा आणि स्टॅम्पपेपर छापणाऱ्या गावाने कागदाला नावं ठेवू नयेत, पण इतक्या वर्षांनी बिल कुणाकडे असतं?

सासूबाईंकडे असतं. पंचवटीच्या घरी गादीखालच्या पिशवीत, मिक्सरच्या वॉरंटी कार्डाला टाचलेलं. फक्त त्यावर नाव सासऱ्यांचं निघालं.

“मग काकांनाच घेऊन या,” काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

सासरे दुपारची झोप मोडून आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात आधार, पॅन, आणि असू द्यावं म्हणून रेशनकार्ड. रिक्षात बसल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “मला इंग्रजीत तर नाही ना काही विचारणार?”