आंबा घाट, हापूसच्या पेट्या आणि गळका रेडिएटर

गणपतीपुळ्याहून कोल्हापूरला परत निघाल्यापासून गाडीत गोडसर वास येत होता. डिकीत हापूसच्या दोन पेट्या असल्यावर गोड वासाचा संशय कोण घेणार? "एखादा आंबा फुटला असेल," ही म्हणाली आणि मीही मान डोलावली. निवळी, हातखंबा, पाली, नाणीज मागे पडलं. हापूसचा वास एसीच्या जाळीतून येत नाही, एवढं तरी कळायला हवं होतं. दाभोळ्याजवळ तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकलेला दिसला, पण म्हटलं, मे महिना आहे, चालायचंच.

साखरप्याला चहाला थांबलो. परत येऊन बघतो तर नंबरप्लेटखाली कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, गुलाबी ओघळ आणि बॉनेटमधून फसफस. गोड वास त्याचाच होता. पुढे आंबा घाटाची चढण. कोकणात उतरताना अशी गळती खपून जाते. परतीच्या चढावर मात्र इंजिनावर ताण जास्त, वेग कमी, समोरून वारा नाही. सगळी भिस्त पंख्यावर.

मी फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे वळलो, तेवढ्यात शेजारच्या गॅरेजातला मिस्त्री ओरडला, "भाऊ, झाकणाला हात नका लावू!" कारण साधं आहे. आत कुकरसारखा दाब असतो, म्हणून कूलंट शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो, आतलं सगळं एकदम उकळतं आणि तोंडावर येतं. पाऊण तास थांबलो. वरचा होज पाइप दाबल्यावर मऊ लागला, हाताला सोसवला, मग उघडलं.

गळती कुठे आहे हे शोधणं हेच खरं काम. सकाळी पुळ्याला मी गाडीखाली वाकून बघितलं होतं, फरशी कोरडी होती. मिस्त्री म्हणाला, "थंड गाडी गळत नाही, दाब आला की गळते." त्याने सगळं पुसून कोरडं केलं, पाणी भरलं, गाडी चालू ठेवली आणि टॉर्च घेऊन बसला. माझा संशय होजच्या क्लिपवर होता. पाणी पाझरत होतं ते बाजूची प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे चिमटलेली असते तिथून. तिथे वाळलेल्या कूलंटची पांढरट पूडही होती, म्हणजे दुखणं जुनं. तांब्या-पितळेचे रेडिएटर झाळून मिळायचे. प्लास्टिकला झाळणार काय?

एका ट्रकवाल्याने गळती बुजवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायचा सल्ला दिला. जुन्या गाड्यांत ती चालून जायची, पण आताच्या बारीक नळ्यांत तीच अडकून बसते. आम्ही हळद टाळली. मिस्त्रीने पाणी उतरवलं, जागा पॉलिश पेपरने घासली, पेट्रोलच्या फडक्याने तेलकटपणा काढला आणि एमसील (दोन भाग मळून लावायची, वाळून घट्ट होणारी लुगदी) एकाच रंगाचं होईपर्यंत मळून दाबून बसवलं. मग दोन तास नुसतं थांबायचं. घाई केली तर ते पहिल्याच दाबाला सुटतं. नंतर साधं पाणी भरलं. तेही इंजिन निवल्यावरच. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतलं तर इंजिनाच्या हेडला, म्हणजे वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो.

ऊन कलल्यावर निघालो. दहा लिटर पाणी सोबत, एसी बंद, खिडक्या उघड्या आणि हीटर फुल्ल. मे महिन्यात हीटर! पण हीटरची जाळी म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच, इंजिनाची उष्णता तो गाडीत ओढून घेतो. रेडिएटरचं झाकण मिस्त्रीने पहिल्या खाचेवर सैल ठेवलं होतं, म्हणजे दाब कमी आणि गळतीही कमी. मात्र अशा वेळी पाणी लवकर उकळतं, म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चढायचं.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. पाणी फार कमी झालं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. म्हणून काट्यापेक्षा हीटरवर लक्ष ठेवा. गरम हवा अचानक थंड झाली तर पाणी संपलंय, लगेच इंजिन बंद. लाल रेषा गाठली तरीही तेच, नाहीतर हेड गॅस्केटचा (हेडखालच्या सीलचा) खर्च. आम्ही दोनदा थांबलो, वळण टाळून, रुंद जागा बघून. घाटावरच्या आंबा गावात पोचून गाडी निवल्यावर बघितलं तर पाणी जेमतेम पेलाभर कमी झालं होतं. मलकापूरमार्गे रात्री दहाला कोल्हापूर.

दुसऱ्या दिवशी रेडिएटर बदलला. एमसीलवर महिना काढणारे मी पाहिलेत, तसलं धाडस करू नका. झाकणही नवं घ्या, जुन्यावर जो दाबाचा आकडा असेल तोच. घाटात भरलेलं पाणी पूर्ण काढून टाका आणि कूलंट व बॅटरीचं पाणी (डिस्टिल्ड वॉटर, ॲसिड नव्हे) निम्मं-निम्मं भरा. तयार मिसळलेलं कूलंट असेल तर त्यात पाणी नको. सांडलेलं कूलंट धुऊन टाका, ते गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि ते विष आहे. भरताना हीटर गरमवर, झाकण उघडं, बुडबुडे थांबेपर्यंत गाडी चालू. तरीही आत हवा राहतेच. माझी पातळी दुसऱ्या सकाळी बोटभर उतरली, तिसऱ्या सकाळी थोडीशी, नंतर जागची हलली नाही.