माझा अनुभव: रेसिंग गेमचं संगीत आणि पोर्टलवरची टिचकी

मोबाइलवरच्या रेसिंग गेमला पार्श्वसंगीत करायचं काम मिळालं. चाल सुचली, बेंजो रेकॉर्ड झाला, मिक्सिंगही आटपलं. यातलं काहीच फारसं अडलं नाही. अडलं ते मंजुरीच्या पोर्टलवर, म्हणजे स्टुडिओच्या त्या साइटवर जिथे फाइल चढवायची आणि टीम ती ऐकून पास करणार. स्टुडिओ अंधेरीतला, नाव घेत नाही, पण त्या पोर्टलवरच्या ‘ऐका’ या बटणावरचा माझा राग अजून उतरलेला नाही.

गेममधलं संगीत लूपमध्ये फिरतं. एखादा झटक्यात फेरी मारतो, एखादा कठड्यांवर आपटत आरामात येतो, त्यामुळे तुकडा संपला की सांधा कळू न देता पहिल्यापासून सुरू व्हायला हवा. म्हणून मी लय १६० बीपीएम, म्हणजे मिनिटाला १६० ठोके, धरली. चार ठोक्यांचा एक बार बरोबर दीड सेकंदाचा, ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने) ६६,१५० सॅम्पल, अपूर्णांक उरतच नाही. १७० धरली असती तर बारचा शेवट सॅम्पलच्या मध्ये कुठेतरी पडला असता. ६४ बार म्हणजे ९६ सेकंद. रिव्हर्बची, म्हणजे मागे घुमत राहणाऱ्या आवाजाची, शेपटी कापली जाऊ नये म्हणून तुकडा सलग दोनदा वाजवून त्यातली दुसरी फेरीच कापून घेतली. (सुरुवातीचा इंट्रो मग वेगळा द्यावा लागतो, नाहीतर गेम सुरू होताच आदल्या फेरीची शेपटी ऐकू येते.) रात्री हेडफोन लावून तो सांधा इतका ऐकला की घरचे वैतागले. एकदम स्वच्छ होता.

वेव्ह फाइल (आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारी) पोर्टलवर चढवली. शेरा आला: ‘लूप पॉइंटला टिचकी येते. दुरुस्त करून पुन्हा पाठवा.’

टिचकी म्हणजे सांध्यावर ‘टक्’ असा आवाज. तपासलं, नव्हती. तरी दोन्ही टोकं शून्यावर आणून पाठवली. तोच शेरा, शब्दही तेच. प्रत्येक वेळी नवी फाइल चढवली की रांगेत शेवटचा नंबर, आणि रांगेत गेमच्या चित्रांपासून बटणांच्या आवाजांपर्यंत सगळंच. तपासणाऱ्याशी थेट बोलायची सोय नाही. समन्वयक मुलगा बिचारा सज्जन होता, पण त्याचं एकच पालुपद: “मॅडम, पण टीमला ऐकू येतंय ना.” मी म्हटलं, “अरे, मग गेममध्ये टाकून ऐका.” तर म्हणे मंजुरी नसलेली फाइल बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या चालवून बघायच्या आवृत्तीत, टाकता येत नाही. म्हणजे मंजुरीसाठी बिल्डमध्ये ऐकायला हवं, आणि बिल्डमध्ये जायला मंजुरी हवी. त्या आठवड्यात फोनवर माझा आवाज चढला, ते नाकारत नाही.

शेवटी पोर्टलवरची फाइल तिथूनच उतरवून घेतली आणि उलगडा झाला. मी वेव्ह चढवत होते, ‘ऐका’ दाबलं की वाजत होती एमपी३. पोर्टल स्वतःच रूपांतर करत होतं. एमपी३मध्ये आवाज ११५२ सॅम्पलच्या फ्रेममध्ये भरला जातो. सुरुवातीला एन्कोडर-डिकोडरमुळे (एमपी३ बनवणारा आणि वाजवणारा प्रोग्रॅम) हजारेक सॅम्पलची शांतता चिकटते, साधारण २५ मिलिसेकंद, आणि शेवटची फ्रेम भरायला मागेही पोकळी येते. १६० च्या लयीत एका ठोक्याचा चौथा भाग जेमतेम ९४ मिलिसेकंदांचा असतो. त्यात एवढा खड्डा पडला की कुणालाही खटकणारच. टीमचे कान बरोबर होते, पण ते ऐकत होते ती फाइल माझी नव्हती.

हे सगळं ईमेलमध्ये लिहिलं. उत्तर आलं नाही.

मग संगीतच काढून टाकलं. ४४० हर्ट्झचा एक सेकंदाचा साधा बीप केला. त्यात बरोबर ४४० आवर्तनं बसतात, म्हणजे सांधा जुळण्यावाचून गत्यंतरच नाही. तो पोर्टलवर चढवला आणि त्या मुलाला फोनवर घेऊन म्हटलं, “आता दाब ‘ऐका’.” दर सेकंदाला बीप तुटत होता. तो जरा वेळ गप्प, मग म्हणाला, “मॅडम, इथे पण येतेय की!” संध्याकाळी माझी फाइल ‘तात्पुरती’ म्हणून बिल्डमध्ये गेली. तिथे एमपी३ नव्हे, ऑग व्हॉर्बिस हा दुसरा फॉरमॅट होता. टिचकीचा मागमूस नाही. खरं सांगते, त्या दिवशी जेवण गोड लागलं.

तेव्हा पहिल्याच मीटिंगला विचारा: मंजुरी देणारे कुठल्या फॉरमॅटमध्ये, कशावर ऐकणार? चालीची चर्चा नंतर करा.

बाकी आठवेल तसं. इंजिनाच्या आवाजाशी बेसची मारामारी होते. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन ३,००० आरपीएमला १०० हर्ट्झवर घुमतं आणि ६,००० ला २०० वर, म्हणजे नेमकं बेसच्याच गल्लीत. फोनच्या स्पीकरवर तसाही तो बेस ऐकू येत नाही. म्हणूनच बेंजो घेतला, मिरवणुकीत वाजतो तो, टाइपरायटरसारख्या बटणांचा. त्याचा टणत्कार इंजिनाच्या वर आरपार जातो. ही निवड माझी, आणि तिचा मला अभिमान आहे.

बेंजोवाले काका परळचे. क्लिक, म्हणजे लय धरायची टिकटिक, कानात टाकल्यावर ते अवघडले. “ह्या टिकटिकीवर नाय जमत, ताई.” मग क्लिकऐवजी १६० चा ताशा दिला आणि त्यांनी एका दमात वाजवलं. पट्टी आधी ठरवा. आणि गणपतीच्या आधी बोलावू नका, सुपाऱ्यांमुळे कुणीच मोकळं नसतं.

शेवटच्या फेरीत संगीत वेगवान हवं, असं मारिओ कार्ट या रेसिंग गेममुळे प्रत्येकालाच वाटतं. नुसता वेग वाढवला तर पट्टीही चढते, तसं नको असेल तर वेगळा रेंडर (त्या वेगाची वेगळी फाइल) द्या आणि त्याचे पैसे वेगळे मागा.

करारात हक्क किती वर्षांसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी देताय ते वाचा. लिहिलंच नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पाच वर्षं आणि फक्त भारत धरलं जातं. माझ्या करारात ‘जगभर, कायमचं’ होतं. वर्षं कमी करून मागितली, मिळाली नाहीत, पण काकांचं नाव श्रेयनामावलीत घालून घेतलं.