पश्चिमेच्या चार खिडक्या

अमळनेरच्या त्या घराचं कोटेशन मी जाण्याआधीच निघालेलं होतं. १४ खिडक्या, सगळ्या यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) स्लायडिंग, दुहेरी काच, २५२ चौरस फूट, दर ११५० रुपये. जीएसटी धरून ३ लाख ४२ हजार. त्या घरचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. त्यानं ते मला पाठवलं आणि खाली विचारलं, ‘भाऊ, यात कमी होईल का?’

ज्यानं हे कोटेशन दिलं त्यानं घर पाहिलेलं नव्हतं. खिडक्यांचे फोटो, मुलानं फोनवर सांगितलेली मापं, एवढ्यावर आकडा काढून मोकळा. आमच्या खिडक्यांच्या धंद्यात हे आता सर्रास चालतं. गिऱ्हाईकही फुटाचा भाव विचारतं आणि फुटाचा भाव ऐकून फोन ठेवतं. त्या भावात सेक्शन, म्हणजे चौकटीची पोकळ पट्टी, किती जाडीचा, काच चार मिलिमीटरची की पाचची, जाळी धरली की नाही, जुनी चौकट कोण काढणार, फुटलेला गिलावा कोण भरणार, हे कुणी विचारत नाही. म्हणून मी फोनवर भाव सांगत नाही. धुळ्याहून अमळनेर काही लांब नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे घरी येणार होते, तेव्हा ‘आखाजी झाली की दुसऱ्या दिवशी येतो,’ म्हटलं.

घर सत्तरच्या दशकातलं, वीटबांधणीचं. खिडक्या सागवानी, लोखंडी गज, वर दोन आणि खाली दोन झडपा. हा साग नवापूर-डांगकडचा असावा. पन्नास वर्षं झाली तरी चौकटीला वाळवी नव्हती, की कुठे पीळ पडलेला नव्हता. ऑइल पेंटचे थरावर थर चढल्यामुळे झडपा लागत नव्हत्या, एवढंच. काही बिजागऱ्या गेलेल्या आणि एका खिडकीची खालची पट्टी पावसानं कुजलेली.

माप घ्यायची माझी रीत ठरलेली आहे. रुंदी वर, मध्ये, खाली. उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे. मग दोन्ही कर्ण. जुन्या भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात, क्वचितच असतात. त्या घरातल्या एका खिडकीच्या दोन कर्णांत १८ मिलिमीटरचा फरक निघाला. फोनवरच्या मापानं बनवलेली चौकट तिथे आणली असती तर ती बसली नसती, किंवा छिन्नी लावून भिंत फोडावी लागली असती, किंवा फट सिलिकॉननं बुजवली असती. तिसरा प्रकार मी सगळ्यात जास्त पाहिला आहे. दोन उन्हाळ्यांत सिलिकॉन भिंतीपासून सुटतं आणि पहिल्या वादळी पावसात पाणी थेट गादीवर येतं. सापडलेल्या सगळ्यात कमी मापातून दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर सोडायचे आणि मगच सेक्शन कापायचा. यूपीव्हीसीला तर ही जागा हवीच. उन्हात ते ॲल्युमिनियमच्या तिप्पट वाढतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो. भिंतीवर ऊन आलं की सेक्शन त्याहून तापतो.

मुलानं एक सॅम्पल पण मागवून ठेवलेलं होतं, कोपऱ्याचा तुकडा. मी खिशातून चुंबक काढून लावला. चिकटला नाही. यूपीव्हीसीच्या पोकळीत गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची पट्टी असावी लागते, ती नसेल तर मोठी झडप आपल्या वजनानंच खाली लोंबते. काचेचं वजन लोक धरतच नाहीत. पाच मिलिमीटरची काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते. दुहेरी म्हणजे पंचवीस. ते वजन रोज सरकवायचं, आणि सरकवणार कोण, तर त्याचे सत्तरी ओलांडलेले आईवडील, आप्पा आणि माय. पुण्याहून मुलगा येणार नाही सरकवायला.

पण मला जे सांगायचं आहे ते या तुकड्याचं नाही.

दुपारचे तीन वाजत होते. पुढच्या खोलीत कूलर चालू होता. खान्देशात ज्या पद्धतीनं बसवतात तसाच, पेटी खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर आणि तोंड आत. समोरची खिडकी उघडी. कूलर असलेल्या घरात समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कूलर ओली हवा आत ढकलतो, तिला बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत नुसता दमटपणा कोंडतो आणि अंग चिकचिक करतं. मी मुलाला विचारलं, “या कूलरच्या खिडकीच्या जागी स्लायडिंग आल्यावर कूलर कुठे ठेवणार?”

तो म्हणाला, “काढून टाकू. पुढे एसीच बसवायचा आहे.”

“कधी?”

“बघू. दोन-तीन वर्षांत.”

माय तोवर काही बोलल्या नव्हत्या. त्या उत्तरेच्या खिडकीपाशी खाटेवर बसून शेंगा निवडत होत्या. मी टेप घेऊन त्या खिडकीकडे गेलो तेव्हा म्हणाल्या, “भाऊ, मन्ही खिडकी ऱ्हाऊ दे. लाइट गयी का मी आठेच बठस. आठे वारा येस.” म्हणजे लाइट गेली की त्या इथेच बसतात, इथे वारा येतो.

मुलगा हसला. म्हणाला, “आई, नवीन खिडकीतूनही वारा येतो.”

येतो, पण अर्धा. चार फुटांच्या स्लायडिंगमध्ये एक पल्ला दुसऱ्यामागे जातो, म्हणजे कितीही सरकवा, मोकळे दोनच फूट. तीन ट्रॅकची जाळीवाली घ्या, गणित तेच. जुन्या झडपांची खिडकी उघडली की गज सोडले तर पूर्ण चार फूट मोकळे. हे मी शेकडो गिऱ्हाइकांना तोंडानं सांगितलेलं आहे आणि त्यांनी मान हलवून स्लायडिंगच घेतलेली आहे. त्या दिवशी सांगत बसलो नाही. आप्पांची परवानगी घेतली, स्लायडिंगमध्ये उरेल तेवढंच मोकळं राहावं म्हणून त्या खोलीतल्या सगळ्या खिडक्यांची एकेक बाजू बंद केली, दार लावून घेतलं आणि म्हटलं, आता असंच बसू. कूलर चालूच ठेवला. मुलगा, सूनबाई, त्यांची मुलगी, आप्पा, मी. माय जागच्या हलल्या नाहीत.

पंधरा मिनिटं झाली नसतील. मुलीनं सांगितलं की तिला कसंतरी होतंय. मुलाच्या सदऱ्याची पाठ ओली झाली. सूनबाई उठल्या आणि त्यांनी स्वतःच झडप उघडली. वारा आत आला तो सगळ्यांना कळला. मला फार बरं वाटलं, हे सांगायला मला संकोच नाही. आमच्या कामात आपलं म्हणणं असं डोळ्यांदेखत सिद्ध करता येतं तो दिवस क्वचित येतो.

मग पश्चिमेच्या खोल्यांत गेलो, आणि तिथे माझं मत उलटं होतं. तिथल्या चार खिडक्या बदलायलाच हव्या होत्या. भिंतीला हात लावला तर चटका. आप्पा म्हणाले, संध्याकाळी सातपर्यंत इकडे कुणी पाऊल टाकत नाही. छज्जा होता, चांगला दीड फुटांचा, पण पश्चिमेला छज्ज्याचा काही उपयोग नाही, कारण चारनंतर सूर्य खाली उतरतो आणि ऊन छज्ज्याखालून सरळ आत येतं. मेमधल्या दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या भिंतीवर चौरस मीटरला साधारण सहाशे वॅट ऊन पडतं. दीड चौरस मीटरची एक खिडकी म्हणजे खोलीत हीटर लावून ठेवल्यासारखंच. दुहेरी काच हवेची उष्णता अडवते, साध्या काचेतून येते त्याच्या निम्मीच आत येऊ देते. पण ऊन बऱ्यापैकी तसंच आत सोडते. आणि आत आलेलं ऊन पडद्यानं थांबत नाही, पडदा तापतो आणि तोच खोली तापवतो. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेर अडवायचं. कोटेशनवाल्यानं उत्तरेला आणि पश्चिमेला एकच खिडकी, एकच काच, एकच भाव लावला होता. त्याला दिशा ठाऊकच नव्हती.

मी कागदावर काढून दाखवलं. ॲल्युमिनियमची चौकट, आत उघडणारे पल्ले, पाच मिलिमीटरची टफन (तापवून मजबूत केलेली) काच, मध्ये गज, धुवायला निघणारी जाळी. आणि बाहेर भिंतीला ब्रॅकेट ठोकून उभ्या पात्यांची चौकट. पाती सरळ नाही लावायची, नैऋत्येकडे तोंड करून तिरपी. उन्हाळ्यात आपल्याकडे सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, म्हणून त्याचं ऊन पात्यांच्या पाठीवर आपटतं. वारा नैऋत्येचा, तो फटींतून आत येतो. आणि डिसेंबरात सूर्य नैऋत्येकडे झुकून मावळतो तेव्हा ऊनही आत येतं, धुळे-अमळनेरच्या थंडीत ते कुणाला नको असतं? हे पात्यांचं काम मी मन लावून करतो. कोन चुकला तर सगळं व्यर्थ, म्हणून घराची दिशा कंपासनं घेतो, मालकाच्या सांगण्यावर जात नाही. खालच्या सेक्शनला पाणी निघायला भोकं पाडतो, बाहेरच्या अंगानं. हे दोन मिनिटांचं काम कितीतरी कारागीर करत नाहीत आणि पाणी ट्रॅकमध्ये साचून घरात उतरतं, मग नावं कंपनीच्या मालाला.

भाव असा निघाला. चार खिडक्या ७२ चौरस फूट, ८५० नं ६१,२००. बाहेरची पाती ४५० नं ३२,४००. जीएसटीसह १ लाख १० हजार, जुनी चौकट काढणं आणि गिलावा धरून. चौकट धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, होल्डफास्ट, भिंतीत खोल गेलेले असतात, ते ओढले की गिलाव्यासकट विटेचा कोपरा येतो, म्हणून हे मी वेगळं लावत नाही, दरातच धरतो. बाकी दहा खिडक्यांना सुतार बोलावून रंग खरवडा, बिजागऱ्या बदला, कुजलेली पट्टी बदला आणि जाळीच्या चौकटी बसवा. त्याचे फार तर पंचेचाळीस हजार, आणि त्यातले सुताराचे मला नकोत.

इथे सूनबाई बोलल्या, आणि त्यांचं बोलणं मी विसरू शकलो नाही. म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही वाऱ्याचं सांगता. पण वावटळ आली की त्या झडपांच्या फटींतून घरभर धूळ. ती आम्ही आलो की मी पुसते, नसले की आई पुसतात, कंबर धरून. आणि आज इथे दोघंच आहेत. उद्या आम्हीच आलो राहायला, एसी बसवला, तर तुमच्या या सागवानी फटींचं काय?”

खोटं काहीच नव्हतं. एसी आला की तीच फट विजेच्या बिलात उतरते. तेव्हा घट्ट बंद होणारी, गॅस्केटची (कडेला रबरी पट्टी असलेली) खिडकीच बरोबर, आणि दुहेरी काचेचाही खरा उपयोग तेव्हाच. मी म्हटलं, झडपांच्या कडेला रबरी पट्टी लावून धूळ पुष्कळ कमी होईल. पुष्कळ, पूर्ण नाही. त्यांना ते कळलं. मुलगा म्हणाला, पुन्हा पुन्हा खर्च नको, एकदाच काय ते करून टाकू. आप्पा गप्प. मग मी विचारलं, “आप्पा, लाइट किती वेळ जाते?” ते म्हणाले, “उन्हाळ्यात भरवसा नाही.” लाइट गेली की एसीही बंद आणि कूलरही बंद. मग उरते ती फक्त उघडता येणारी खिडकी, आणि त्या घरात तेव्हा असतात फक्त आप्पा आणि माय.

चार खिडक्यांची ऑर्डर मिळाली. दहांचं सुतारकाम आप्पांनी लगेच ठरवलं. मुलानं सांगितलं की एसीचं नक्की झालं की त्या दहांचा विचार पुन्हा करू, तेव्हा तुम्हालाच बोलावू.

माझा भागीदार यावर अजून घुश्श्यात आहे. त्याचं म्हणणं, तीन-साडेतीन लाखांचं काम दारात आलं होतं, तू समजावून समजावून ते एक लाखावर आणलंस. गिऱ्हाईक मागतं ते द्यावं, त्याच्या घराची काळजी त्यानं करावी. तो वाईट माणूस नाही. कारागिरांचे पगार तोच सांभाळतो, आणि बाजारात बहुतेक सगळे त्याच्यासारखंच वागतात. पण मी त्याला एकच विचारतो. उद्या मायला स्लायडिंग सरकवता आली नाही, कूलर निघाला, आणि मेमध्ये दुपारी लाइट गेली, तर त्या कुठे बसणार? यावर तो म्हणतो, ते मुलानं बघायचं. मुलगा बघेलही. पण मुलाला खिडकी पाहिजे होती ती फोटोत दिसते तशी, सूनबाईंना दहा वर्षांनंतरची आणि मायला आजची. कोटेशन मात्र एकालाच पाठवतात. पैसे देणाऱ्याला.

आता आमच्या मापाच्या फॉर्मवर मी तीन रकाने वाढवले आहेत. खिडकीची दिशा, कूलर की एसी, आणि दिवसभर घरात कोण असतं. पोरांना सांगितलंय, हे तीन भरल्याशिवाय दर लिहायचा नाही. भागीदारानं फॉर्म पाहिला, तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, हे विचारलं तर गिऱ्हाईक चिडेल. चिडू दे. पुढच्या आठवड्यात पारोळ्याला एका घराचं माप आहे, तिथे फॉर्म घेऊन मी स्वतः जातोय.